पहिलं विमान कुणी उडवलं? मुलांबरोबर हा वाद कसा सोडवायचा

बडोद्यातल्या मराठी घरात हा विषय निघाला की गाडी सयाजीरावांपर्यंत पोचतेच. कुणीतरी म्हणतं, "राइट बंधू कसले! त्यांच्या आठ वर्षं आधी, १८९५ साली, शिवकर बापूजी तळपद्यांनी मुंबईत चौपाटीवर विमान उडवलं. आपले महाराज स्वतः हजर होते." मग शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत मुलं तेच ठोकून सांगतात. मी विज्ञान शिकवायचे. आता सुट्टीच्या दिवशी दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आजूबाजूची मुलं येतात, त्यांच्याकडून हा वाद मी ज्या रीतीनं सोडवून घेते ती इथे देते. एक मोठा कागद, एक लांब दोरी आणि सेकंदकाटा असलेलं घड्याळ एवढं जवळ ठेवा.

सुरुवातीला कागदावर एकही नाव लिहू देऊ नका. नाव आलं की मुलं बाजू घेतात आणि पुढचं सगळं त्या बाजूनं बोलतात. आधी नुसते रकाने आखा. यंत्र हवेपेक्षा जड होतं का? स्वतःच्या इंजिनाच्या जोरावर उडालं का? आत माणूस होता का? यंत्र त्याच्या ताब्यात होतं का? निघाल्या जागेइतक्याच उंचीच्या जमिनीवर उतरलं का, की उतारावरून नुसतं घसरत आलं? शेवटचा रकाना सगळ्यात रुंद ठेवा: हे कुणी, कधी लिहून ठेवलं? यातले कुठले रकाने भरले म्हणजे "पहिलं" म्हणायचं, ते मुलांनाच ठरवू द्या. पहिल्या रकान्यातच फुगे आणि हलक्या वायूनं तरंगणारी हवाई जहाजं गळतात, त्यांच्यावर वेळ घालवू नका.

आता राइट बंधूंचा तो प्रसिद्ध फोटो मुलांसमोर ठेवा आणि काही न सांगता बघू द्या. ऑर्विल खालच्या पंखावर पालथा झोपलाय. विल्बर उजवीकडे, नुकताच पंख सोडून धावता धावता थबकल्यासारखा. जमिनीवर लाकडी रूळ दिसतो, त्यावरून यंत्र घसरत निघालं. रूळ संपायच्या आतच ते जमीन सोडून वर आलंय, हे मुलांच्या नजरेत आपोआप येतं. पंख टेकवायचं बाकडं वाळूतच पडलंय. कॅमेरा ऑर्विलनं लावून ठेवला होता. कळ दाबली ती किनाऱ्यावरच्या जीवरक्षक ठाण्यातल्या जॉन डॅनियल्सनं. मग विचारा: या फोटोवरून काय कळत नाही? किती लांब गेलं ते कळत नाही, किती वेळ ते कळत नाही. त्यासाठी ऑर्विलची डायरी, वडिलांना केलेली तार आणि तिथे हजर असलेली पाच माणसं लागतात. पुरावा असा वेगवेगळ्या तुकड्यांनी जुळतो, हे मुलांना इथेच पटतं.

तारीख १७ डिसेंबर १९०३, जागा अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या किटी हॉकजवळची. पहिलं उड्डाण १२ सेकंद, १२० फूट. कमाटी बागेत मोकळी जागा बघून दोरीनं १२० फूट मोजायला लावा. मुलांचा चेहरा पडतो, "एवढंच?" म्हणतात. इथे घाई करू नका, कारण खरं शिकवणं इथेच आहे. १२ सेकंदांत १२० फूट म्हणजे सेकंदाला १० फूट. पण समोरून ताशी सुमारे २४ मैलांचा वारा होता, म्हणजे सेकंदाला ३५ फूट. यंत्र त्या वाऱ्याला कापत पुढे सरकलं, तेव्हा हवेतून त्याचं अंतर ४५ गुणिले १२, साधारण ५४० फूट झालं. उत्तरायणाला गच्चीवर पतंग चढवणाऱ्या मुलांना वारा उचलायला मदत करतो हे सांगावं लागत नाही. पतंगाला मांजा धरून ठेवतो, इथे ते काम इंजिन आणि पंख्यांनी केलं, एवढं सांगितलं की बास. त्याच दिवशीचं चौथं उड्डाण विल्बरनं केलं, ५९ सेकंद आणि ८५२ फूट. तेही जमेल तेवढं चालवून घ्या.

दुसरा तगडा दावेदार ब्राझीलचा अल्बर्तो सांतोस द्युमाँ. पॅरिसमध्ये २३ ऑक्टोबर १९०६ ला त्यानं सुमारे ६० मीटर आणि १२ नोव्हेंबरला २२० मीटर उड्डाण केलं, तेही जाहीरपणे, गर्दीसमोर. त्याची बाजू मांडणारे म्हणतात की त्याचं यंत्र स्वतःच्या चाकांवर धावून उठलं, राइटांना रूळ आणि वारा लागला. हा मुद्दा वजनदार आहे आणि मुलांनी तो पूर्ण ताकदीनं मांडला पाहिजे. फक्त एक गल्लत होऊ देऊ नका: वजन खाली सोडून यंत्राला पुढे ओढणारा मनोरा राइटांनी १९०४ मध्ये वापरायला घेतला, १९०३ च्या उड्डाणात तो नव्हता. आणि ५ ऑक्टोबर १९०५ ला ते डेटनजवळ ३९ मिनिटांत २४ मैल फिरून आले होते. चाकांचा रकाना आखायचा की नाही, हे ठरवून मगच निकाल द्या.

फ्रान्सचा क्लेमाँ आदेर १८९० मध्ये वाफेच्या इंजिनावर थोडं उचलला गेला, पण ताब्याचा रकाना रिकामा राहतो. गुस्ताव व्हाइटहेडचं अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातलं उड्डाण १४ ऑगस्ट १९०१ चं सांगतात. वर्तमानपत्रात बातमी आहे, हवेतल्या यंत्राचा स्पष्ट फोटो नाही. त्या राज्यानं २०१३ मध्ये त्याच्या बाजूनं कायदाही केला. कायद्यानं पुरावा तयार होत नाही, हे मुलांना ठामपणे सांगा.

साक्ष देणाऱ्याचा हितसंबंध तपासायला मात्र सगळ्यांच्याच बाबतीत शिकवा, राइटांच्याही. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन या संग्रहालय-संशोधन संस्थेनं आपले सचिव लँगली यांच्या यंत्राला बरीच वर्षं झुकतं माप दिलं. ते यंत्र १९०३ मध्ये दोनदा पोटोमॅक नदीत कोसळलं होतं. चिडून ऑर्विलनं आपलं विमान १९२८ मध्ये लंडनच्या संग्रहालयात पाठवलं, ते १९४८ मध्ये परत येऊन याच संस्थेकडे आलं. तेव्हा ऑर्विलच्या वारसांशी झालेल्या करारात अट आहे की संस्थेनं दुसऱ्या कुणाला आधीचं श्रेय दिलं तर विमान वारसांकडे परत जाईल. म्हणून "स्मिथसोनियन म्हणतं" एवढ्यावर थांबायचं नाही. डायरी, तार, फोटो स्वतंत्रपणे उभे राहतात का ते बघायचं. ते राहतात.

तळपद्यांची ओळ शेवटी भरा, आणि आदरानं भरा. ते मुंबईतले खरेखुरे अभ्यासू गृहस्थ होते, संस्कृत ग्रंथांतल्या विमानविद्येनं झपाटलेले. पण बहुतेक सांगणाऱ्यांच्या मते त्यांचं "मरुत्सखा" नावाचं विमान माणसाशिवाय उडालं. म्हणजे माणसाचा रकाना त्यांच्या समर्थकांनीच रिकामा ठेवलाय. माणसाशिवायचं यंत्र म्हणाल तर इंग्लंडच्या स्ट्रिंगफेलोचं नाव १८४८ सालासाठी घेतलं जातं. "केसरीत आलं होतं" असं कुणी म्हटलं की अंकाची तारीख आणि पान मागा. महाराज हजर होते म्हणतात, पण बहुतेक ठिकाणी नुसतं साल असतं, दिवस नसतो. दिवस कळला तर महाराज त्या दिवशी कुठे होते ते शोधता येईल. प्राचीन म्हणून सांगितल्या जाणाऱ्या वैमानिक शास्त्र या ग्रंथाचा आधार कुणी दिला, तर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्ये तो तपासला होता हे सांगा: ग्रंथ विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा निघाला आणि त्यातली विमानं उडण्याजोगी नाहीत. भोजराजाच्या समरांगणसूत्रधारात पारा तापवून उडणाऱ्या लाकडी पक्ष्याचं वर्णन आहे, आणि तो ग्रंथ आपल्याच बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सिरीज या ग्रंथमालेत छापला गेला. तो अभिमानानं दाखवा. उड्डाणाची कल्पना म्हणून दाखवा, उड्डाणाची नोंद म्हणून नको.

सयाजीरावांनी या शहराला १९१० मध्ये मध्यवर्ती ग्रंथालय दिलं. त्यांचं नाव साक्षीदार म्हणून घ्यायचं असेल तर आपण कागद दाखवलाच पाहिजे, यावर मी मुलांशी तडजोड करत नाही.

एखाद्या मुलानं भाषणासाठी तळपदेच निवडले असतील तर विषय बदलायला लावू नका. त्याला एवढं लिहू द्या: "१८९५ मध्ये शिवकर तळपदे यांनी चौपाटीवर मानवरहित विमान उडवल्याचं सांगितलं जातं. त्या उड्डाणाचा फोटो उपलब्ध नाही. माणसासह, इंजिनावर आणि ताब्यात राहून केलेल्या उड्डाणाची सर्वांत जुनी भक्कम नोंद १७ डिसेंबर १९०३ ची आहे." परीक्षकानं अडवलं, तर कागद बरोबर असू द्या.