गाडीचा सीटबेल्ट आणि बॅटरी घरच्या घरी कशी तपासावी

गॅस्टन प्लांटे यांनी शिसे-आम्ल बॅटरी १८५९ साली तयार केली आणि व्होल्वो कंपनीतील अभियंते नील्स बोलिन यांचा तीन ठिकाणी बांधला जाणारा पट्टा १९५९ साली गाडीत आला. या दोन शोधांत बरोबर शंभर वर्षांचे अंतर असले, तरी आजच्या गाडीत ते एकमेकांशी जोडलेले आहेत. अचानक ब्रेक लागल्यावर पट्टा अडकतो तो निव्वळ यांत्रिक करामतीने. पण धडकेच्या क्षणी ढिला पट्टा खेचून घेणाऱ्या प्रिटेन्शनरला विजेची ठिणगी लागते. म्हणून दोन्ही तपासण्या एकाच बैठकीत उरकाव्यात.

प्रथम पट्टा सावकाश, शेवटपर्यंत बाहेर ओढावा आणि दोन्ही कडांवरून बोट फिरवावे. कडेचा उसवलेला दोरा, कापल्याची खूण किंवा घासून चकाकणारा भाग डोळ्यांआधी बोटाला कळतो. असे काही आढळल्यास शिवण मारण्याच्या भानगडीत न पडता पट्टा बदलून घ्यावा. मग पट्टा सोडावा. तो अर्ध्यावर रेंगाळत असेल, तर बहुतेक वेळा दोष स्प्रिंगचा नसून खांद्याजवळच्या कडीत साचलेल्या चिकट मळाचा असतो. कोमट पाणी आणि सौम्य साबण यांनी कडी व पट्टा पुसावेत, ब्लीच वापरू नये आणि पट्टा पूर्ण वाळल्याखेरीज आत जाऊ देऊ नये.

यानंतर झटक्याची परीक्षा. पट्टा जोरात हिसकावल्यास तो जागच्या जागी अडकला पाहिजे, आणि हे पाच-सहा वेळा करून प्रत्येक वेळी अडकला पाहिजे. पट्टा ज्यावर गुंडाळला जातो त्या रिळात याखेरीज गाडीचा वेग अचानक बदलल्याची दखल घेणारी यंत्रणाही असते: एक छोटी गोळी किंवा लोलक सरकतो, खटका उचलला जातो आणि दातेरी चाक थांबते. त्यामुळेच उतारावर उभ्या गाडीत पट्टा कधीकधी बाहेरच येत नाही. तो बिघाड नव्हे. बक्कल मात्र खट्‌ असा स्पष्ट आवाज करून बसले पाहिजे आणि बटण दाबताच सुटले पाहिजे.

रीळ उघडू नये किंवा प्रिटेन्शनरच्या तारांना मल्टिमीटर, म्हणजे विजेचा दाब वगैरे मोजणारे मीटर, लावू नये. त्यात स्फोटक द्रव्याची इवलीशी कुपी असते आणि मीटरच्या क्षीण प्रवाहानेही ती उडण्याचा धोका असतो. ती एकदा उडाली की तो भाग बदलावाच लागतो. तिची प्रकृती पाहण्याचा सुरक्षित मार्ग म्हणजे एअरबॅगचा दिवा: चावी फिरवल्यावर तो लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. तो लागलाच नाही किंवा विझलाच नाही, तर गाडी सरळ कार्यशाळेत न्यावी.

आता बॅटरी. गाडी काही तास बंद ठेवून मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर लावावा. १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा दिसल्यास बॅटरी भरलेली आहे, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, तर १२ च्या खाली ती चार्ज करणे भाग आहे. इंजिन चालू असताना आकडा साधारणपणे १३.८ ते १४.५ च्या दरम्यान असतो. काही नव्या गाड्यांत तो मुद्दाम कमी-जास्त केला जातो.

टर्मिनलवर पांढरट-हिरवट भुकटी असेल, तर हातमोजे घालून आधी ऋण टर्मिनल सोडावे आणि जोडताना ते शेवटी जोडावे. कारण सोपे आहे: धन टर्मिनलवरचा पाना गाडीच्या पत्र्याला टेकला आणि ऋण बाजू जोडलेली असली, तर शॉर्ट सर्किट होते. भुकटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावी, पण ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. बॅटरी सोडल्यानंतरही एअरबॅगच्या नियंत्रकातील कपॅसिटर काही काळ वीज धरून ठेवतो, कारण धडकेत बॅटरीचा संबंध तुटला तरी ठिणगी पडली पाहिजे. त्यामुळे सीटखालच्या कनेक्टरना हात लावण्यापूर्वी गाडीच्या पुस्तिकेत दिलेला वेळ थांबावे. शेवटी टर्मिनल हाताने फिरणार नाही इतके घट्ट करावे आणि घड्याळ पुन्हा लावावे.