ग्रीक शहर खणायला जाताय? आधी पेठेतला खणलेला रस्ता वाचा

डेक्कन कॉलेजात आर्किऑलॉजी करणारी मुलं अधूनमधून विचारतात, ग्रीसला एखाद्या साइटवर फील्ड स्कूलला, म्हणजे प्रत्यक्ष उत्खनन शिकायला जायचंय, तयारी काय करू. पुस्तकं वाचाच, पण त्याआधी एक काम करा. सदाशिव किंवा नारायण पेठेत ड्रेनेजसाठी रस्ता खणला असेल तिथे सकाळी जा, काम करणाऱ्यांना विचारा आणि खड्ड्याची उभी कड नीट बघा. वर डांबराचे दोन-तीन थर, खाली खडी, मग मुरूम, मग काळी माती, तिच्यात विटांचा चुरा आणि खापरं, आणि मध्येच एक उभा पट्टा दिसेल भुसभुशीत मातीचा, कधीतरी पाइप टाकायला खणून परत बुजवलेला. त्या पट्ट्यात चार फूट खाली दुधाची प्लास्टिकची पिशवी असते आणि तिच्यापासून वीतभर अंतरावर, अगदी त्याच खोलीवर, वाड्यांच्या काळातली माती असते. खोल आहे म्हणून जुनं असं नसतं, हे एकदा डोळ्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं.

ग्रीक शहरांत हेच होतं, फक्त अडीच हजार वर्षं होत राहिलेलं. कॉरिंथ घ्या, तिथे अथेन्सची अमेरिकन स्कूल ऑफ क्लासिकल स्टडीज ही संशोधन संस्था १८९६ पासून खणतेय. ग्रीक शहर इ.स.पू. १४६ मध्ये रोमन सेनापती मुम्मियसने उद्ध्वस्त केलं, इ.स.पू. ४४ मध्ये ज्युलियस सीझरने तिथे रोमन वसाहत वसवली, मग बायझंटाइन म्हणजे पूर्व रोमन साम्राज्यवाले आले, फ्रँक म्हणजे पश्चिम युरोपातले सरदार आले, ऑटोमन तुर्क आले आणि १८५८ च्या भूकंपानंतर नवं गाव थोडं लांब वसवलं. प्रत्येकाने विहिरी, पाये, कचऱ्याचे खड्डे खणले आणि ते खालच्या लोकांच्या घरात घुसले.

त्यामुळे नियम एकच, जे सगळ्यात शेवटी झालं ते सगळ्यात आधी काढायचं. खड्डा आधी, खड्ड्याने कापलेला थर नंतर. पण खड्डा आहे हे कळायला हवं ना, आणि तिथेच खरी मेहनत आहे. पृष्ठभाग खुरपीने अगदी सपाट खरवडून घ्या, झाडून घ्या, मग बागेतल्या स्प्रे पंपाने हलकं पाणी मारा. ग्रीसच्या उन्हाळ्यात माती दुपारपर्यंत पांढरी फटक पडते, सगळं एकसारखं दिसतं, पाणी मारलं की रंग परत येतात आणि खड्ड्याची कड उमटते. बघायचं आणि फोटो काढायचे ते ऊन तिरपं असताना सकाळीच. डोळ्याला नाही दिसलं तरी हाताला कळतं, भरावाची माती खुरपीला मऊ लागते. मी माझ्या पहिल्या सीझनला एका खड्ड्याची कड दीड दिवस ओळखली नाही आणि भराव आणि थर एकाच पिशवीत गेला. ती खापरं तारखेसाठी कायमची बाद झाली, थर परत घालून खणता येत नाही. आजही ते आठवलं की वाईट वाटतं. म्हणून सांगतो, शंका आली की हात थांबवा आणि ट्रेंच सुपरवायझरला, म्हणजे तुमच्या खणण्याच्या चरावर देखरेख करणाऱ्याला बोलवा, त्यात कमीपणा काही नाही.

भिंत लागली की सगळे तिच्यामागे धावतात. तसं करू नका, भिंतीला चिकटून चर मारत गेलात तर भिंत आणि जमीन यांचं नातंच कापलं जातं. जमीन भिंतीपर्यंत येऊन टेकत असेल तर ती भिंतीनंतरची, आणि भिंतीच्या पायासाठी खणलेल्या चराने जमीन कापली असेल तर ती भिंतीच्या आधीची. त्या चरातली माती वेगळी काढा, वेगळी पिशवी करा, कारण भिंतीची तारीख तिथूनच मिळते. कधी भिंतच नसते, नुसता भिंतीच्या आकाराचा मातीने भरलेला चर असतो, म्हणजे नंतरच्या लोकांनी दगड उपसून नेलेत. आपल्याकडे वाडा पाडला की घडीव दगड दुसऱ्या कुठल्या जोत्यात जातो, तसंच. हा चर चुकून टाकून देऊ नका, भिंत कुठे होती याचा तोच पुरावा.

आता तारीख. थराची तारीख त्यातल्या सगळ्यात नव्या वस्तूवरून ठरते, म्हणजे थर त्या वस्तूच्या आधी पडलेला असू शकत नाही. पेठेत मातीत शिवराई मिळाली आणि शेजारी ती दुधाची पिशवी असेल, तर भराव पिशवीच्या काळातलाच. शंभर काळी चकचकीत ग्रीक खापरं आणि एक हिरव्या काचलेपाचं बायझंटाइन खापर आलं तर थर बायझंटाइन, मन कितीही क्लासिकल, म्हणजे जुन्या ग्रीक काळातला म्हणालं तरी. फक्त ते एक खापर उंदराच्या बिळातून खाली आलं नाही ना, कडेवरून पडलं नाही ना, एवढं बघा. नाणं मिळालं तर घासू नका, मातीसकट कन्झर्व्हेटरकडे, म्हणजे वस्तू साफ करून जपणाऱ्याकडे द्या.

पॉटरी यार्डात, म्हणजे खापरं धुऊन निवडतात त्या अंगणात दुपारी बसायला कंटाळा करू नका. कौलांचे तुकडे ढिगाने येतात, तेही मोजायचे असतात, वजन करायचं असतं. अँफोरा म्हणजे तेल-दारू ठेवायचा दोन कानांचा मातीचा रांजण, त्याचे कान आणि बूड ओळखायला शिका, त्याचे तुकडे आपल्या नेवाशालाही सापडलेत, त्यामुळे तुम्ही हातात घेतलेही असतील.

आपण इथे ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलरच्या पद्धतीने चौकोन आणि मध्ये बॉक, म्हणजे न खणलेली मातीची भिंत, ठेवून शिकतो, तिकडे बऱ्याचदा ओपन एरिया, म्हणजे सलग मोठा भाग एकदम खणलेला असतो, बॉक नसतात, उभी कड दिसत नाही, म्हणून प्रत्येक थर, खड्डा, भिंत यांना स्वतंत्र नंबर देऊन कोण कोणाच्या आधी हे हॅरिस मॅट्रिक्स नावाच्या आकृतीत रोजच्या रोज मांडायचं. एडवर्ड हॅरिसने १९७३ मध्ये ही पद्धत काढली. रात्री आठवून भरू म्हणाल तर दोन दिवसात गोंधळ, ट्रेंचच्या कडेला बसूनच भरा.

परवानगीची कागदपत्रं साइटवाले बघतात, तुम्ही एवढंच लक्षात ठेवा की तिथे मिळणारी प्रत्येक गोष्ट ग्रीक सरकारची, खापराचा तुकडाही खिशात जाता कामा नये. जाताना टोपी, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, हाताला सवयीची खुरपी, ओळंबा आणि भरपूर पेन्सिली न्या. पेन उन्हात आणि धुळीत दगा देतं.

आणि जायच्या आधी त्या पेठेतल्या खड्ड्याची कड ग्राफ पेपरवर १:२० ला काढा, शेजारी पट्टी ठेवून फोटो घ्या, प्रत्येक थराला नंबर द्या आणि मॅट्रिक्स बनवून दाखवा. पाइपचा पट्टा डांबराच्या नेमक्या कुठल्या थराखाली थांबतो, तेवढं मला सांगा.