रंकाळ्याकाठचा जुना फ्लॅट घ्यायचा असेल तर: आधी प्रॉपर्टी कार्ड, मग गॅलरी

कोल्हापुरात रंकाळा तलावासमोर फ्लॅट विकायला निघाला की एजंट गिऱ्हाइकाला संध्याकाळी सहाच्या सुमाराला नेतो. पाण्यावर मावळतीचं ऊन, पलीकडे शालिनी पॅलेस, गॅलरीत मांडून ठेवलेली खुर्ची. भाव तिथेच मनात पक्का होतो आणि कागद नंतर बघू म्हणून राहून जातात. तुम्ही पहिल्यांदा भर दुपारी जा आणि दुसऱ्यांदा जुलैच्या झडीत जा. मधल्या काळात कागद बघा. "जुनं बांधकाम म्हणजे लोखंड, डोळे झाकून घ्या" असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. ऐंशीच्या दशकात बांधलेल्या आरसीसी इमारतीचं वय आज चाळिशीच्या आसपास आहे. तिच्यात तुम्ही जे विकत घेता त्यात भिंती झिजत जाणार आहेत. टिकणार आहे तो जमिनीतला हिस्सा.

बजेट ठरलंय, कर्जाचा अंदाज घेतलाय आणि वकील तुमचा स्वतःचा आहे असं धरून पुढचं लिहितोय. विकणाऱ्याचा किंवा एजंटाचा वकील चालणार नाही.

काठ आणि पाणी

शहराकडच्या पूर्व काठावरच्या इमारती पश्चिमेला तोंड करून आहेत. सूर्यास्त त्यांना मिळतो, तसा पश्चिमेकडून झोडपणारा पाऊसही पहिला त्यांनाच लागतो. तलावाकडच्या भिंतीला आतून हात लावून पाहा आणि खिडकीच्या खालच्या कोपऱ्यांत फुगलेला रंग शोधा. सांडपाण्याचे नाले जिथे तलावात उतरतात, उदाहरणार्थ श्याम सोसायटीच्या नाल्याकडे, तिथे एप्रिल-मेमध्ये वास आणि डास किती आहेत हे गॅलरीत अर्धा तास बसल्याशिवाय कळत नाही.

पुराचा प्रश्न रंकाळ्यापेक्षा पंचगंगेचा आहे. 2005, 2019 आणि 2021 या तिन्ही वर्षी दुधाळी, गंगावेस भागात पाणी आलं होतं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा पातळी आणि 43 फुटांना धोका पातळी धरतात. शेजाऱ्यांना एवढंच विचारा: "बंधाऱ्यावर किती फूट झाले की तुमच्या दारात पाणी येतं?" नेमका आकडा सांगतील. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर असला तरी मीटरचा बोर्ड, जमिनीखालची पाण्याची टाकी, मोटर आणि गाड्या खालीच असतात. इमारत निळ्या पूररेषेच्या, म्हणजे नदीकाठचा बांधकामाला मज्जाव असलेला पट्टा दाखवणाऱ्या रेषेच्या, आत असेल तर पुढे पुनर्बांधणीवर बंधनं येतात. जागा विकास आराखड्यात कोणत्या झोनमध्ये येते याचा झोन दाखला नगररचना विभागाकडून घ्याल तेव्हा पूररेषेचीही विचारणा लेखी करा.

नजारा कुणाच्या मालकीचा

कुणाच्याच नाही. वीस वर्षांच्या वापराने खिडकीतून येणाऱ्या उजेड-वाऱ्याचा हक्क कायद्याने मिळू शकतो, तलाव दिसत राहण्याचा मिळत नाही. म्हणून तुमच्या आणि पाण्याच्या मधल्या प्रत्येक प्लॉटचा सिटी सर्व्हे नंबर काढा. मध्ये फक्त रस्ता आणि बाग असेल तर उत्तम. मध्ये एखादं बैठं जुनं घर असेल तर ते एक दिवस पाडलं जाणार हे गृहीत धरा. डिसेंबर 2020 पासून लागू झालेल्या एकत्रित बांधकाम नियमावलीनंतर, रस्त्याची रुंदी पुरेशी असेल तर तिथे पूर्वीपेक्षा उंच इमारत उठू शकते. अशा फ्लॅटला नजाऱ्याचे जादा पैसे देऊ नयेत, एवढं मी ठामपणे सांगेन.

कागद: इथेच खरी गोम आहे

पहिला प्रश्न विचारायचा तो हा: इमारत सोसायटी आहे की अपार्टमेंट? मुंबईकडचे लेख वाचून लोक इथेही शेअर सर्टिफिकेट, म्हणजे सोसायटीच्या सभासदत्वाचा कागद, मागत फिरतात. कोल्हापुरात जुन्या इमारती बऱ्याचदा 1970 च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली आहेत. तिथे शेअर सर्टिफिकेट नसतंच. तिथे दोन कागद असतात: संपूर्ण इमारतीचं डीड ऑफ डिक्लरेशन, म्हणजे घोषणापत्र, आणि तुमच्या गाळ्याचं (गाळा म्हणजे इमारतीतला फ्लॅट किंवा दुकान) डीड ऑफ अपार्टमेंट. दोन्ही दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेले हवेत.

घोषणापत्राची पूर्ण प्रत हातात घ्या. विकणारा त्याची दोन पानं व्हॉट्सअॅपवर पाठवतो, त्यावर थांबू नका. निबंधक कार्यालयातून सही-शिक्क्याची नक्कल काढा आणि शेवटचं परिशिष्ट उघडा. त्यात प्रत्येक गाळ्यापुढे जमीन आणि सामाईक भागातला अविभक्त हिस्सा टक्क्यांत दिलेला असतो. ही टक्केवारी गाळ्याच्या किमतीच्या प्रमाणात ठरते, त्यामुळे तळमजल्याच्या दुकानांना क्षेत्राच्या मानाने जास्त टक्के गेलेले दिसतात. समजा प्लॉट 560 चौरस मीटरचा आहे. तुमच्या गाळ्याला 4.2 टक्के असतील तर जमिनीतला हिस्सा साधारण 23.5 चौरस मीटर होतो; 2.9 टक्के असतील तर जेमतेम 16.2. दोन्ही फ्लॅट आतून सारखेच दिसतील आणि दोन्ही गॅलऱ्यांतून तलावही तेवढाच दिसेल. पण उद्या इमारत पाडून नवी बांधायची वेळ आली की बोलणी या आकड्यावरून सुरू होतात. सगळ्या गाळ्यांच्या टक्क्यांची बेरीज स्वतः करा. ती शंभर भरत नसेल किंवा शंभराच्या वर जात असेल तर घोषणापत्रातच दोष आहे. तो नंतर सहज दुरुस्त होत नाही, कारण टक्केवारी बदलायला सगळ्या गाळेधारकांची संमती आणि नोंदवलेलं सुधारित घोषणापत्र लागतं. एक मालक परदेशात आणि दुसऱ्याचे वारस भांडणात असले की तेवढ्या सह्या मिळणं किती अवघड, हे वेगळं सांगायला नको.

बेरीज जमली की घोषणापत्रातले गाळे मोजा आणि मग रस्त्यावर उभं राहून इमारतीचे मजले मोजा. घोषणापत्रात चार मजले आणि प्रत्यक्षात पाच, असं असेल तर पाचवा मजला मंजुरीनंतर चढवलेला असण्याचा दाट संभव आहे. तलाव सर्वांत चांगला त्याच मजल्यावरून दिसतो, आणि विक्रीला बऱ्याचदा तोच निघतो. महापालिकेचा मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र यांच्याशी मजला, गाळा क्रमांक आणि क्षेत्र पडताळा. घरफाळ्याची पावती दाखवून "महापालिकेने मान्य केलंय" असं कुणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या. घरफाळा अनधिकृत बांधकामालाही लागतो, त्याने ते अधिकृत होत नाही.

गच्चीचंही असंच. घोषणापत्रात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर गच्ची, आवार आणि पार्किंग सामाईक असतात. "गच्चीचा हक्क सोबत देतो" हे तोंडी बोलणं किंवा साध्या स्टॅम्पपेपरवरचं लिखाण कामाचं नाही. ज्या फ्लॅटला गच्ची खरोखर जोडलेली आहे त्याची नोंद घोषणापत्रात मर्यादित सामाईक क्षेत्र म्हणून सापडते. इमारतीखालचं पार्किंग बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2010 चा निकाल आहे. पार्किंगचे वेगळे तीन-चार लाख मागितले तर तो निकाल समोर ठेवा.

यानंतर प्रॉपर्टी कार्ड, म्हणजे सिटी सर्व्हेकडचा जमिनीच्या मालकीचा उतारा. त्याची ताजी प्रत घ्या आणि आधी सत्ताप्रकाराचा, म्हणजे जमीन कोणत्या हक्काने धरली आहे त्याचा, रकाना बघा. तिथे 'ब' असेल तर जमीन शासनाने अटींवर किंवा भाडेपट्ट्याने दिलेली धरतात आणि हस्तांतराला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. कोल्हापुरात 'ब' सत्ताप्रकाराचा प्रश्न जुना आहे. काही मिळकतींना तो चुकून लागलेला असतो आणि तो दुरुस्त करून घेता येतो. पण ती दुरुस्ती विकणाऱ्याने विक्रीआधी करायची, तुम्ही विकत घेऊन नव्हे. दुसरी नोंद नागरी जमीन कमाल धारणा कायद्याची. शहरात एकाने किती मोकळी जमीन ठेवावी याची मर्यादा घालणारा हा 1976 चा कायदा कोल्हापूरलाही लागू होता. महाराष्ट्रात तो 2007 मध्ये रद्द झाला, तरी कलम 20 खाली त्या मर्यादेतून सवलत घेतलेल्या जमिनींच्या कार्डावर तो शेरा अजून सापडतो आणि परवानगी-शुल्काची भानगड त्यासोबत येते. देवस्थान इनामाचा, म्हणजे जमीन देवस्थानाला इनाम दिल्याचा, शेरा दिसला तर मी म्हणेन, दुसरा फ्लॅट बघा.

जुन्या इमारतींत सर्रास आढळणारी आणखी एक गोष्ट: बिल्डरने पहिल्या गिऱ्हाइकाला नोंदणीकृत करार करून ताबा दिला, पण अंतिम डीड ऑफ अपार्टमेंट केलंच नाही. मग तो करार दोनदा-तीनदा पुढे विकला गेला आणि प्रॉपर्टी कार्डावर आजही मूळ जागामालकाचं, कधी त्याच्या वारसांचं नाव आहे. "सगळे असेच राहतात" हे उत्तर येईल. राहतात, खरं आहे, पण त्यांनी तेव्हा थोडक्या पैशांत घेतलं होतं आणि तुम्ही आज लाखांत घेताय. जागामालक किंवा त्याचे वारस आणि बिल्डर यांच्या सह्यांनी आधी विकणाऱ्याच्या नावे डीड होऊ द्या. तोपर्यंत मोठी रक्कम देऊ नका.

वकिलाकडून 30 वर्षांचा सर्च, म्हणजे मिळकतीच्या जुन्या दस्तनोंदींचा शोध, घ्या आणि कुणाचा हक्क असेल तर कळवा अशी जाहीर नोटीस वर्तमानपत्रात द्या. फ्लॅट वडिलांच्या नावावरून मुलाकडे आला असेल तर लग्न झालेल्या बहिणींचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र आहे का, ते पाहा. वटमुखत्यारपत्रावर व्यवहार असेल तर मूळ मालकाशी स्वतः बोला आणि तो हयात आहे याची खात्री करा. मालक गेला की मुखत्यारपत्रही साधारणपणे संपतं.

इमारत सोसायटी असेल तर काम सोपं आहे: शेअर सर्टिफिकेट, थकबाकी नसल्याचा दाखला आणि जमिनीचं अभिहस्तांतरण, म्हणजे मालकी सोसायटीच्या नावे करणं, झालंय का, एवढं बघा. झालं नसेल तर जिल्हा उपनिबंधकाकडून मानीव अभिहस्तांतरण (बिल्डर सहकार्य करत नसला तरी होणारं) मिळवता येतं. महापालिका हद्दीत हस्तांतर शुल्क 25,000 रुपयांच्या वर मागता येत नाही. अपार्टमेंटमध्ये मात्र देखभाल खर्चाची जुनी थकबाकी विकणाऱ्यासोबत तुमच्याही अंगावर येते, तेव्हा गाळेधारकांच्या असोसिएशनचा दाखला लेखी घ्या.

इमारतीची हाडं

30 वर्षं ओलांडलेल्या इमारतीचं संरचनात्मक परीक्षण महापालिका कायद्याने बंधनकारक आहे. अहवाल मागा. नसेल तर स्वतःच्या खर्चाने स्ट्रक्चरल इंजिनिअर न्या आणि फ्लॅटसोबत खालचं पार्किंग आणि वरची गच्चीही दाखवा. कॉलममध्ये उभी, सळीच्या रेषेने गेलेली भेग म्हणजे आत गंज धरलाय. गंजलेली सळी फुगते आणि काँक्रीटचं आवरण ढकलून देते. काँक्रीटचा कठीणपणा ठोकून मोजणारा रिबाउंड हॅमर पृष्ठभागापुरतं सांगतो. कॉलमला छोटं भोक पाडून फिनॉल्फ्थॅलिन हे अल्कलीत गुलाबी होणारं रसायन शिंपडलं की काँक्रीट गुलाबी झालं तर ठीक. सळीच्या खोलीपर्यंत रंगच आला नाही तर काँक्रीटमधला अल्कलीपणा संपलाय आणि सळीचं संरक्षण गेलंय.

तलावाकडची गॅलरी सर्वांत काळजीपूर्वक तपासा. भिंतीतून पुढे आलेल्या गॅलरीचं मुख्य लोखंड स्लॅबच्या वरच्या अंगाला असतं आणि पावसाचं पाणीही तिथेच मुरतं. भिंतीला समांतर भेग वरून दिसली तर इंजिनिअरचा लेखी अभिप्राय येईपर्यंत व्यवहार थांबवा. गॅलरी काचा लावून खोलीत घेतलेली असेल किंवा जुन्या फरशीवर नवी बसवली असेल तर भार वाढलाय. पाच सेंटिमीटर माल आणि वर टाइल म्हणजे चौरस मीटरला सव्वाशे किलोच्या आसपास. नवा रंग आणि पीओपीचं छत दिसलं की बाथरूमजवळचा एक तुकडा उघडून दाखवायला सांगा. नाही म्हटलं तर उत्तर मिळालं.

पैसे आणि नोंदणी

हे सरळ आहे. संचकारपत्र, म्हणजे खरेदीआधीचा करार, नोंदणीकृतच करा, त्यात घोषणापत्रातली टक्केवारी लिहा आणि कागद सदोष निघाल्यास विसार (आगाऊ रक्कम) परत, ही अट घाला. कोल्हापूर महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क स्थानिक अधिभारासह 6 टक्के, खरेदीदार फक्त महिला असेल तर 5. नोंदणी फी 1 टक्का, कमाल 30,000 रुपये. सरकारी मूल्यांकनात जुन्या बांधकामाला घसारा मिळतो, तो धरलाय का ते बघा. किंमत 50 लाख किंवा जास्त असेल तर 1 टक्का टीडीएस, म्हणजे विकणाऱ्याच्या नावचा आयकर, किमतीतून कापून तुम्हीच भरायचा. विकणारा अनिवासी असेल तर दर बराच जास्त असतो, आधी सीएला विचारा. इमारतीच्या वयामुळे बँक कर्जाची मुदत कमी करू शकते, म्हणून मंजुरी याच इमारतीवर घ्या, नुसत्या पगारावर नव्हे.

खरेदीच्या दिवशी पहिल्या करारापासूनचे सगळे मूळ दस्त आणि त्यांच्या पावत्या ताब्यात घ्या, मगच शेवटचा चेक द्या. त्यानंतर लगेच प्रॉपर्टी कार्डावर, घरफाळा आणि पाणीपट्टी विभागात, महावितरणकडे आणि असोसिएशनच्या नोंदवहीत नाव लावण्याचे अर्ज द्या.