‘ती जातच खुनशी’ म्हणण्याआधी : कुत्रा पाळताना या चुका टाळा

जळगाव, धुळे, भुसावळच्या नव्या कॉलन्यांतून सकाळी चक्कर मारली तर गेटागेटाला विलायती कुत्री दिसतात. रॉटवायलर, जर्मन शेफर्ड, हस्की, लॅब्राडोर, मधूनच एखादा पिटबुल. कुत्र्याबरोबर त्याच्या जातीची ख्यातीही घरात येते. पिटबुल म्हणजे कधी ना कधी फाडणार. डॉबरमन म्हातारपणी मालकावरच उलटतो. लॅब्रा गरीब, लेकरांनी कान ओढले तरी चालतं. आणि गावठी? तो काय, भाकरीवर पडलेला असतो.

या ख्यातीवर विसंबून माणसं दोन उलट्या चुका करतात. एका कुत्र्याला भीतीपोटी बांधून, कोंडून, मारून बिघडवतात. दुसऱ्यावर डोळे झाकून भरवसा टाकतात आणि रांगतं मूल त्याच्या ताटाजवळ सोडतात. चावा दोन्ही घरांत बसतो, आणि दोन्ही ठिकाणी दोष मात्र कुत्र्याच्या माथी जातो.

जातीवरून स्वभाव ठरवून टाकणं

जातीला काहीच अर्थ नाही, असं मी म्हणणार नाही. प्रत्येक जात कुठल्या ना कुठल्या कामासाठी घडवलेली आहे. जर्मन शेफर्ड मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांतून आला, 1899 मध्ये जर्मनीत त्याची जात म्हणून नोंद सुरू झाली. रॉटवायलर हा रॉटवाईल गावच्या खाटकांचा कुत्रा, गुरं हाकायचा आणि गाडा ओढायचा. डॉबरमन हे नाव ज्याच्यावरून पडलं तो एकोणिसाव्या शतकातला जर्मन करवसुली करणारा माणूस होता, त्याला सोबतीला राखणदार हवा होता. पिटबुलचे पूर्वज इंग्लंडात आधी बैलांवर सोडले जात, पुढे त्यांच्या आपसात झुंजी लावल्या गेल्या. म्हणून अंगकाठी, दम, धावायची किंवा राखायची ओढ यांत जातीचा वाटा दिसतो.

पण तुमच्या दारातला कुत्रा माणसाशी कसा वागेल, हे जातीवरून फारसं सांगता येत नाही. 2022 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी 18 हजारांहून अधिक कुत्र्यांची माहिती मालकांकडून घेतली आणि दोन हजारांहून अधिक कुत्र्यांची जनुकं तपासली. कुत्र्या-कुत्र्यांच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम 9 टक्के जातीमुळे येतो, असं त्यांना आढळलं. बाकीचं त्या एकेका कुत्र्याचा पिंड आणि त्याला मिळालेलं घर, शिकवण, वय यांवर जातं. डॉबरमनचा मेंदू वाढतो, कवटी अपुरी पडते आणि तो वेडा होतो, ही गोष्ट तर निव्वळ बाजारगप्पा आहे.

मार्च 2024 मध्ये केंद्र सरकारने पिटबुल, रॉटवायलरसह 23 जातींची आयात, पैदास आणि विक्री थांबवावी असं राज्यांना कळवलं होतं. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं. त्यावर बरीच भांडणं झाली. माझं मत सरळ आहे: पन्नास किलोचा रॉटवायलर आणि सात किलोचा पॉमेरियन दोघंही चावतात, पण पॉमेरियनच्या चाव्याला मलमपट्टी पुरते आणि रॉटवायलरच्या चाव्याने हात निकामी होऊ शकतो. म्हणून मोठ्या, ताकदीच्या कुत्र्याच्या मालकाची जबाबदारी मोठी. घरात त्याला पट्ट्यावर आवरू शकेल असा एकच माणूस असेल आणि तो दिवसभर एमआयडीसीत ड्युटीला असेल, तर असा कुत्रा घेऊच नये.

आपल्याकडे शिकण्यासारखं उदाहरण जवळच आहे. साक्रीकडच्या ठेलारी मेंढपाळांच्या कळपाबरोबर चालणारी कुत्री पाहा. जातीचा कागद नाही, पण पिल्लू असल्यापासून ती मेंढ्यांत, माणसांत, वाटेवरच्या गाड्यांत वाढतात. कोकरू अंगावर चढलं तरी हलत नाहीत, आणि रात्री लांडग्याची चाहूल लागली की गप्प बसत नाहीत.

पिल्लू फार लवकर आणणं, आणि आणल्यावर कोंडून ठेवणं

महिन्याभराचं पिल्लू गोड दिसतं, म्हणून लोक उचलतात. आईच्या दुधापासून आणि भावंडांपासून इतक्या लवकर तोडलेल्या पिल्लाला चावण्याचा जोर आवरायला कुणी शिकवलेलंच नसतं. भावंडाला जोरात चावलं की ते ओरडतं, खेळ थांबतो. हा धडा तिथेच मिळतो. कुत्र्यांच्या पैदास-विक्रीबद्दलच्या 2017 च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकताच येत नाही. विकणारा देत असेल तर त्याच्याकडून घेऊच नका.

तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाचं मन नव्या गोष्टी सहज स्वीकारतं. या काळात त्याने दाढीवाला माणूस, हेल्मेट, काठी टेकत चालणारी आजी, सायकल, ट्रॅक्टर, बकऱ्या, लग्नाचा बँड असं सगळं लांबून, न घाबरता पाहिलं पाहिजे. लसी पुऱ्या व्हायच्या असतील तर खाली सोडू नका, कडेवर घेऊन फिरवा. हे महिने गच्चीवर एकटं काढलेलं पिल्लू पुढे प्रत्येक अनोळखी माणसाला शत्रू समजू लागतं, आणि लोक म्हणतात, जात तशीच आहे.

दिवसभर साखळी, रात्री मोकळा

यावल-रावेरच्या केळीच्या बागांत आणि मळ्यामळ्यांत ही रीत घट्ट रुजलेली आहे. दिवसभर हातभर साखळीने खुंट्याला, रात्री मोकळा. राखण होते खरी, पण कुत्रा आतून बिघडत जातो. बांधलेल्या कुत्र्याला पळता येत नाही, म्हणून भीती वाटली की त्याच्यापुढे भुंकणं आणि चावणं एवढंच उरतं. रोज रस्त्याने माणसं जातात, हा झेपावतो, माणसं पुढे निघून जातात. आपण झेपावलो म्हणून ती गेली, असं त्याला वाटतं आणि सवय पक्की होते. मग एखाद्या रात्री हाच मोकळा कुत्रा मोटारसायकलमागे धावतो, गडी घसरून पडतो. किंवा शेजारच्या वावरात बसलेल्या मेंढ्यांवर जातो, आणि एकदा त्याला मेंढ्यांचा पाठलाग लागला की सोडवणं फार जड जातं.

हिवाळ्यात मळ्यात भरीत पार्टी ठरते. चाळीस-पन्नास अनोळखी माणसं, कपाशीच्या काड्यांचा धूर, आरडाओरड, पोरांची धावपळ, आणि या सगळ्याच्या मधोमध खुंट्याला बांधलेला कुत्रा. कुणीतरी पोरगं भाकरी घेऊन त्याच्याकडे जातं. चाव्याची याहून पक्की तयारी दुसरी नाही. पाहुणे येण्याआधी कुत्र्याला पंप हाऊसमध्ये किंवा घरामागच्या खोलीत पाणी आणि चघळायला काही देऊन ठेवा, दाराला कडी लावा. भरीतही त्याला घालू नका. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्ताला घातक असतो.

साखळीला पर्याय आहेत. जाळीचं कंपाउंड करता येतं. तेवढा खर्च नको असेल तर दोन खांबांमध्ये तार ताणून त्यावर सरकणारी लांब दोरी बांधा, सावली आणि पाणी तिच्या टप्प्यात ठेवा. सकाळ-संध्याकाळ पट्ट्यावर फिरवणं मात्र चुकवू नका. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात आखूड किंवा जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणं आणि कायम बांधलेल्या कुत्र्याला मोकळं फिरू न देणं, दोन्ही गुन्हे आहेत.

‘तेज’ करण्यासाठी मारणं, डिवचणं, तिखट खाऊ घालणं

कच्चं मटण द्या, मिरची खाऊ घाला, अंधारात कोंडा, म्हणजे कुत्रा कडक होतो, असे सल्ले अजूनही ऐकू येतात. हे ऐकून मला खरंच वाईट वाटतं. मिरचीने पोट बिघडतं, अंधाराने भीती वाढते. त्यातून राखणदार तयार होत नाही, घाबरलेला कुत्रा तयार होतो, आणि चोर ओळखायची अक्कल त्याला त्यातून येत नाही. समोर दूधवाला असो की घरची सून, तो सारखाच धावतो.

मारण्याचं तसंच. पायपुसण्यावर घाण केली म्हणून काठी मारली, तर पिल्लू एवढंच शिकतं की हा माणूस जवळ आला की मार बसतो. गुरगुरल्याबद्दल मारणं तर सगळ्यांत घातक. गुरगुरणं म्हणजे कुत्र्याने दिलेली सूचना: मला त्रास होतोय, लांब हो. ती सूचना मारून बंद केली की त्रास तसाच राहतो, आणि पुढच्या वेळी आवाज न करता थेट दात लागतात. ‘काही न करता एकदम चावला’ असं सांगणाऱ्या घरांत बहुतेकदा हेच घडलेलं असतं. गुरगुरण्याआधीही कुत्रा बोलत असतो: अंग ताठरतो, तोंड फिरवतो, ओठ चाटतो, झोप नसताना जांभई देतो, डोळ्याचा पांढरा भाग दाखवतो. शेपूट हलतंय म्हणजे खूश आहे, हाही गैरसमज. ताठ, उंच, थरथरणारं शेपूट वेगळंच सांगतं.

शिकवणं बक्षिसाने होतं. भाकरीचा तुकडा, उकडलेल्या अंड्याचा कण, एवढं पुरतं. दिवसातून दोन-तीनदा पाच-पाच मिनिटं. ‘सिट’ म्हणा, ‘बस’ म्हणा, नाहीतर अहिराणीत ‘बठ’ म्हणा, कुत्र्याला फरक पडत नाही. पण घरातल्या सगळ्यांनी एकच शब्द वापरला पाहिजे. आमच्याकडच्या भरल्या घरांत घोळ इथेच होतो. दादा सोफ्यावरून हाकलतो, आई तिथेच बोलावून पोळी देते, आणि कुत्रा गोंधळतो.

‘काही करत नाही तो’ म्हणत मुलांना एकटं सोडणं

घरचा कुत्रा चावतो तो बहुधा घरच्याच माणसाला किंवा ओळखीच्या मुलाला. लॅब्राडोर असो की गावठी, लहान मूल आणि कुत्रा यांना मोठ्या माणसाच्या नजरेआड एकत्र ठेवू नका. जेवताना, झोपलेला असताना, पिल्लांपाशी असताना हात लावायचा नाही. गळ्यात हात घालून मिठी मारणं बऱ्याच कुत्र्यांना आवडत नाही. फोटोसाठी मुलाला पाठीवर बसवणं तर अजिबात नको.

खानदेशचं ऊन विसरणं

मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा 45 च्या वर जातो. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, तो धापा टाकून अंग थंड करतो. बर्फाच्या प्रदेशातल्या हस्कीला किंवा बसक्या नाकाच्या पगला हे फार जड जातं; कूलर-एसीची सोय नसेल तर या जाती इथे आणूच नयेत, असं माझं ठाम म्हणणं आहे. पत्र्याच्या शेडखाली तापलेला कुत्रा चिडचिडाही होतो. फिरवणं सूर्य उगवायच्या आत. डांबरी रस्त्यावर हाताची पालथी बाजू टेकवून पाहा. तुम्हाला सोसत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसत नाही. लडखडू लागला, लाळ गळू लागली, तर सावलीत घेऊन साध्या पाण्याने भिजवा, पंखा लावा आणि डॉक्टर गाठा.

गाडी रुळावरून घसरली असेल तर

शांत कुत्रा अचानक चिडका झाला तर आधी दुखणं शोधा. कानात पू, दाढ दुखणं, कंबर धरणं, गोचिडांमुळे येणारा ताप यांनी कुत्रा हात लावू देत नाही. जनावरांच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या, मगच स्वभावाला बोल लावा.

ताटाजवळ गेलं की गुरगुरतो? ताट ओढू नका. चार पावलांवरून जाताना त्याच्या दिशेला जास्त चांगला तुकडा टाका आणि निघून जा. आठवडे लागतील, पण माणूस जवळ आला की काढून घेत नाही, भर घालतो, हे त्याला कळू लागतं.

अनोळखी माणसांवर झेपावतो? ज्या अंतरावर तो शांत राहतो तिथून सुरुवात करा, खाऊ द्या, अंतर हळूहळू कमी करा. पिंजऱ्यासारखी हवेशीर तोंडजाळी घालायची सवय लाडीगोडीने लावा. तिच्यात धापा टाकता येतात, पाणी पिता येतं. आवळून बांधलेली कापडी पट्टी आपल्या उन्हात घालू नका. तोंडजाळी घातलेला कुत्रा पाहून लोक नावं ठेवतील, ठेवू द्या. आपल्या जनावरापासून कुणाला इजा होऊ नये याची काळजी घेतली नाही, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

फटाके, डीजे, पोळ्याची वाजंत्री यांना घाबरत असेल तर आतल्या खोलीत पंखा-कूलरच्या आवाजात ठेवा, जवळ बसा. घाबरलेल्याला जवळ घेतलं म्हणून भीती वाढत नाही.

चावा बसलाच तर

हळद, चुना, तिखट काही लावू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस वाचत नाही, म्हणून इंजेक्शनांचा ठरलेला कोर्स अर्धवट सोडायचा नाही. जखम खोल असेल, रक्त आलं असेल, तर लसीबरोबर जखमेत द्यायच्या इंजेक्शनाबद्दलही विचारा. घरच्या कुत्र्याला लस दिलेली असली तरी डॉक्टरांना दाखवायचंच. कुत्र्याला मारून टाकू नका, दहा दिवस बांधून नजरेखाली ठेवा. त्याला पहिली रेबीज लस तीन महिन्यांचा झाल्यावर आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी द्या, कार्ड जपून ठेवा.

आणि सगळं करूनही कुत्रा तुमच्या घरात बसत नसेल, तर त्याला सातपुड्याच्या घाटात किंवा हायवेच्या ढाब्यावर सोडून येऊ नका. तोही गुन्हा आहे, आणि माणसांच्या भीतीने चावणारा एक कुत्रा तुम्ही दुसऱ्या गावाला देऊन येता. त्याला सांभाळू शकेल असं घर शोधा. देताना तो कुणाला, केव्हा, कशामुळे चावला हे घेणाऱ्याला खरं खरं सांगा आणि लसीचं कार्ड सोबत द्या.