इन-स्टेट फीची तयारी: अमेरिकेतल्या मराठी पालकांसाठी

अमेरिकेतल्या सरकारी विद्यापीठांत राज्यातल्या रहिवाशांना एक, कमी फी (हीच इन-स्टेट फी) आणि बाहेरच्यांना दुसरी, असा दुहेरी हिशेब असतो. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात 2025-26 मध्ये नव्याने दाखल होणाऱ्या परराज्यातल्या विद्यार्थ्याला नेहमीच्या फीवर वर्षाला 37,602 डॉलर जास्तीचे भरावे लागतात, म्हणजे चार वर्षांत दीड लाखाहून अधिक. म्हणून मूल अकरावीत जाण्यापूर्वीच्या उन्हाळ्यातच तयारीला लागावे. प्रवेशाचे पत्र आल्यानंतर हाती फारसे काही उरत नाही.

सर्वांत आधी तारीख शोधावी. बहुतेक राज्ये सलग 12 महिन्यांचे वास्तव्य मागतात, पण ते महिने कोणत्या दिवसापासून मागे मोजायचे हे प्रत्येक ठिकाणी वेगळे असते. टेक्सासमध्ये सत्राच्या सेन्सस डेटपासून, म्हणजे विद्यार्थ्यांची अधिकृत नोंद होते त्या दिवसापासून मोजतात, तर युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया आपल्या ठरलेल्या निर्णयदिनाच्या लगतपूर्वीचे 366 दिवस बघते. विद्यापीठाच्या रेसिडेन्सी विभागाच्या नियमांतून ही तारीख काढून कॅलेंडरवर लिहावी आणि तिच्या आधीचे किमान तेरा-चौदा महिने डोळ्यांसमोर ठेवून पुढची सगळी कामे लावावीत.

त्यानंतर कागदपत्रे. महाराष्ट्रात 15 वर्षांच्या वास्तव्यावर डोमिसाईलचा दाखला मिळतो आणि तो जोडला की काम होते. इथे असा एकच दाखला नसतो, विद्यापीठ कागदांची गोळाबेरीज करून स्वतः निर्णय घेते. तुम्ही राज्यात राहता एवढे दाखवून भागत नाही, कायमचे राहण्याचा इरादाही कागदांवरून दिसावा लागतो. घराचा भाडेकरार किंवा खरेदीखत, राज्याच्या प्राप्तिकराचे रहिवासी म्हणून भरलेले विवरणपत्र, डब्ल्यू-2 (मालकाकडून मिळणारा वर्षाच्या पगाराचा व कापलेल्या कराचा तक्ता), वाहनाची नोंदणी, ड्रायव्हिंग लायसन्स आणि विजेची बिले एका फाइलमध्ये तारखेनुसार लावावीत. टेक्सास, फ्लोरिडा, वॉशिंग्टन या राज्यांत वैयक्तिक प्राप्तिकर नाही, त्यामुळे तिथे बाकीच्या पुराव्यांवर भार पडतो. फ्लोरिडात काउंटीच्या क्लार्ककडे डिक्लेरेशन ऑफ डोमिसाईल (इथेच कायमचे राहतो असे शपथपत्र) नोंदवून ठेवता येते, तेही करून घ्यावे.

या फाइलमधली प्रत्येक तारीख तपासावी, असे मी आग्रहाने सांगते, कारण आमचे नुकसान एका तारखेनेच झाले. नोकरीच्या बदलीमुळे आम्ही राज्य बदलले, भाडेकरार लगेच झाला, पण जुन्या राज्याचे लायसन्स अजून चालत होते म्हणून नवे काढायला आम्ही दोन महिने लावले. मुलीच्या अर्जाच्या वेळी नव्या लायसन्सवरची तारीख आणि ठरलेला दिवस यांत दहा महिने आणि काही दिवस भरले. भाडेकरार पुढे करूनही त्या विद्यापीठाने इरादा लायसन्सच्या तारखेपासूनच धरला आणि एका सत्राची फी परराज्याच्या दराने भरावी लागली. नव्या घरात सामान उतरले की त्याच आठवड्यात लायसन्स आणि गाडीची नोंदणी उरकावी.

लायसन्सच्या अर्जात बहुधा मतदार नोंदणीचाही प्रश्न असतो. मतदार नोंदणी हा रहिवासाचा पुरावा धरला जातो, पण तो केवळ नागरिकांसाठी आहे. एच-1बी (नोकरीचा व्हिसा), एच-4 (एच-1बीवाल्यांच्या जोडीदाराचा आणि मुलांचा व्हिसा) किंवा ग्रीन कार्डवर (कायम वास्तव्याचा परवाना) असणाऱ्यांनी तिथे चुकूनही होकार देऊ नये. त्या एका खुणेने पुढचे नागरिकत्व अडचणीत येऊ शकते.

साधारणपणे 24 वर्षांखालच्या, पालकांवर अवलंबून असलेल्या मुलाचा रहिवास पालकांवरून ठरतो. त्यामुळे मुलाला वर्षभर दुसऱ्या राज्यात मावशीकडे ठेवून सहसा काही साधत नाही, आणि केवळ शिकण्यासाठी येऊन वसतिगृहात काढलेले महिनेही सहसा मोजले जात नाहीत.

व्हिसाचा प्रश्न आपल्या घरांत सर्वांत नाजूक आहे. कॅलिफोर्निया, टेक्सास अशा राज्यांत एच-4 वरच्या मुलांनाही रहिवासी ठरता येते. मात्र ग्रीन कार्डच्या रांगेत मूल 21 वर्षांचे झाले की त्याचा एच-4 संपतो आणि बहुतेकांना एफ-1 हा विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागतो. एफ-1 मायदेशी परतण्याच्या इराद्यावर दिला जातो, त्यामुळे तो घेतल्यावर इन-स्टेट दर हातचा जाण्याचा धोका असतो. मुलाचा एकविसावा वाढदिवस कोणत्या सत्रात येतो ते आजच मोजावे, आणि त्यानंतर दर्जा टिकेल का, हे विद्यापीठाला लेखी विचारून उत्तर जपून ठेवावे.

परराज्यातच जायचे असेल, तर प्रादेशिक करार बघावेत. पश्चिमेकडच्या राज्यांतल्या वेस्टर्न अंडरग्रॅज्युएट एक्स्चेंजमध्ये सहभागी महाविद्यालये इन-स्टेट दराच्या जास्तीत जास्त दीडपट फी घेतात. दक्षिणेकडच्या अकॅडेमिक कॉमन मार्केटमध्ये, आपल्या राज्यात नसलेला अभ्यासक्रम शेजारच्या राज्यात तिथल्या दराने करता येतो. काही अभ्यासक्रम यातून वगळलेले असतात आणि पुष्कळदा वेगळा अर्ज लागतो, म्हणून मुदती बारावीच्या सुरुवातीलाच टिपून ठेवाव्यात. टेक्सासमध्ये विद्यापीठाची किमान 1,000 डॉलरची स्पर्धात्मक शिष्यवृत्ती मिळाली, तर तिच्या आधारे परराज्याचा दर माफ होऊ शकतो. ही सोय मर्यादित विद्यार्थ्यांनाच मिळते, तरी तिच्यासाठी अर्ज करावा.

इतके करूनही नकार आला, तर अपिलाची मुदत त्याच दिवशी बघावी, कारण ती फार थोडी असते. पुढच्या सत्रासाठी फेरवर्गीकरणाचा, म्हणजे परराज्याऐवजी रहिवासी धरण्याचा अर्जही लगेच तयार करावा, कारण तो मंजूर झाला तरी भरलेली जुनी फी सहसा परत मिळत नाही.