खांडसच्या वाटेने भीमाशंकर: मुंबईकरांनी डोंगर आणि वाड्या कशा पाहाव्यात

भीमाशंकरला मोटारीने थेट देवळाजवळ पोहोचता येते. पण डोंगर आणि त्यात नांदणारी माणसे पाहायची असतील, तर कोकणातून चढूनच जावे. पहाटेच्या लोकलने नेरळ किंवा कर्जत गाठावे आणि तिथून कशेळेमार्गे खांडसला उतरावे.

खांडसहून दोन वाटा निघतात. शिडी घाट जवळचा आहे, पण त्यात कातळटप्प्यांवर लोखंडी शिड्या लागतात आणि पावसाळ्यात शेवाळलेल्या दगडावर पाय ठरत नाही, म्हणून नवख्यांनी त्या वाटेला जाऊ नये. गणेश घाट लांबचा असला, तरी पदरगडाच्या पायथ्याशी नेतो आणि त्याचे सुळके जवळून दाखवतो. पावसाळ्यात प्रशासनाचे बंदी आदेश निघतात, तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी करावी.

वाटाड्या पायथ्याच्या वाडीतलाच घ्यावा आणि मोबदला आधी ठरवावा. कर्जतच्या या पट्ट्यात ठाकर, कातकरी आणि महादेव कोळी समाजाच्या वस्त्या आहेत. झाड, ओढा, कडा यांची नावे त्यांच्याकडूनच ऐकावीत, कारण नकाशावर त्यांतली फारच थोडी सापडतात. वाडीवर जेवायचे असल्यास आदल्या दिवशी कळवावे. डोक्यावरून पाणी वाहून आणणाऱ्या मावशींकडे ऐनवेळी दहा जणांच्या भाकऱ्या मागणे बरे नव्हे. घरांचे आणि माणसांचे फोटो विचारूनच काढावेत.

माथ्यावरचे अरण्य घाईने ओलांडू नये. 1985 मध्ये घोषित झालेले हे अभयारण्य सुमारे 130 चौरस किलोमीटरचे असून पुणे, रायगड आणि ठाणे या जिल्ह्यांत पसरलेले आहे. शेकरू, म्हणजे झाडांवर राहणारी मोठी खार, पाहायचे असेल, तर जमिनीकडे नव्हे, झाडांचे शेंडे एकमेकांना भिडतात तिथे पाहावे. काटक्या आणि पानांचे गोल घरटे उंच फांद्यांत दिसले, की बोलणे थांबवून उभे राहावे. एकाच शेकराची अनेक घरटी असतात, त्यामुळे प्रत्येक घरट्यात प्राणी असेलच असे नाही. त्याची खडखडाटी हाक मात्र दुरूनही ओळखू येते.

इथले महादेव कोळी भातशेतीइतकेच हिरड्यावर अवलंबून आहेत. कोवळी फळे वाळवून बाळहिरडा म्हणून विकली जातात, म्हणून वाळत घातलेला माल दिसल्यास त्यावरून चालू नये आणि गंमत म्हणूनही फळे उचलू नयेत. 1870 च्या दशकात सावकारांविरुद्ध उठलेले होनाजी केंगले याच परिसरातले, हे वाटाड्याजवळ काढून पाहावे, गप्पा रंगतात. वेळ हाताशी असल्यास वेगळा दिवस काढून आहुप्याची देवराई पाहावी. तिथली काडीही उचलू नये, मग ती वाळलेली का असेना.

नागफणीच्या कड्यावर दुपार टळल्यावर जावे, पण धुके असल्यास कडेला जाऊ नये. इथल्या पश्चिमेकडच्या उतारावरचे पाणी उल्हास नदीतून अरबी समुद्राला मिळते, तर पूर्वेकडचे भीमा होऊन, पंढरपुरात चंद्रभागा म्हणवून, पुढे कृष्णेतून बंगालच्या उपसागरात जाते. गुप्त भीमाशंकर या रानातल्या शिवस्थानाची जंगलवाट उजेड असतानाच उरकावी.

परतीला मंचरची एसटी धरून नारायणगाव, ओतूर आणि माळशेज घाटामार्गे कल्याण गाठता येते. मात्र शेवटच्या गाडीची वेळ विचारल्याशिवाय दर्शनाच्या रांगेत उभे राहू नये, आणि श्रावणी सोमवारी तर हा बेत आखूच नये.