नमुना खरोखर अतिसंवाहक आहे का, हे कसे तपासावे

अतिसंवाहक म्हणजे ठरावीक तापमानाखाली विजेला मुळीच रोध न करणारा पदार्थ. एकटा इलेक्ट्रॉन कधीच अतिसंवाहक नसतो. असंख्य इलेक्ट्रॉन जोड्यांनी एकाच पुंज-अवस्थेत (क्वांटम अवस्थेत) आले की पदार्थ अतिसंवाहक होतो. ही सामूहिक अवस्था तपासायला यिट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइड सोयीचे, कारण त्याचे संक्रमण, म्हणजे अतिसंवाहक अवस्थेत जाणे, सुमारे 93 केल्विनला होते आणि 77 केल्विनचा द्रवरूप नायट्रोजन पुरतो.

प्रथम नमुन्यावर एका रेषेत तारांचे चार जोड द्यावेत; बाहेरच्या दोहोंतून प्रवाह सोडावा आणि आतल्या दोहोंवर व्होल्टेज मोजावे. दोनच जोड दिले, तर तारांचा व जोडांचा रोध मोजमापात मिसळतो आणि नमुना अतिसंवाहक झाला तरी रोध-तापमानाचा आलेख शून्याला टेकत नाही. प्रत्येक तापमानाला प्रवाहाची दिशा उलटवून दोन्ही वाचनांच्या फरकाचे निम्मे घ्यावे, म्हणजे तापमानातील फरकामुळे तारांत उपजणारे व्होल्टेज वजा होते. तापमापक नमुन्याला चिकटूनच हवा. थंड करतानाचा आणि तापवतानाचा आलेख एकमेकांवर बसत नसेल, तर नवा शोध लागल्याचे समजण्याआधी थंड करण्याचा वेग कमी करून पाहावा.

रोध शून्य झाला, एवढ्यावर मात्र थांबू नये, कारण नमुन्यातून आरपार गेलेला अतिसंवाहक भागाचा एक बारीक धागाही तेवढे करू शकतो. खरी कसोटी चुंबकीय आहे: नमुना क्षेत्रात ठेवून थंड केला असता क्षेत्र बाहेर फेकले जाते, हे माइसनर आणि ऑक्सेनफेल्ड यांनी 1933 साली दाखवले. केवळ आदर्श वाहक असता, तर त्याने आतले क्षेत्र तसेच धरून ठेवले असते. या ऑक्साइडमध्ये दोषांपाशी चुंबकीय भोवरे (क्षेत्राच्या बारीक नळ्या) अडकतात, म्हणून क्षेत्र पूर्ण बाहेर पडत नाही. क्षेत्राशिवाय थंड करून मग क्षेत्र लावल्यावरचे वाचनही सोबत घ्यावे. संक्रमणाच्या वेळी विशिष्ट उष्म्यात (नमुना तापवायला लागणाऱ्या उष्णतेत) येणारी उडी हा आणखी भक्कम पुरावा, पण येथे स्फटिकजालाचा वाटा मोठा असल्याने ती जेमतेम दिसते.

एवढ्यावरून सामूहिक अवस्था सिद्ध होते. जोड्या कशामुळे जमल्या, हे नव्हे. पाऱ्यात जड समस्थानिक घेतल्यास संक्रमण-तापमान उतरते, हे 1950 साली आढळले आणि त्यावरून जालाची कंपने जोड्या जमवतात असा माग लागला. यिट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइडसारख्या ताम्र-ऑक्साइडांबाबत अजून एकमत नाही, तेव्हा वरच्या आलेखांवरून त्याचा निवाडा देऊ नये.